उणीवांक

त्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत 'खारवाट'मध्ये एक हजार एकशे बारा टोळ्या गाळासुराशी झुंजल्या आणि त्यांतल्या एक हजार एक्याऐंशी जिंकल्या; त्याही अगदी शेवटच्या क्षणी, नाव बुडता बुडता. खेळतोल प्रयोगशाळेच्या भिंतभर पडद्यावर हे आकडे हिरव्या अक्षरांत झळकत होते. विशाखा देवपुजारी मात्र त्यांच्याकडे आहेरात आलेली भांडी ठोकून पाहणाऱ्या आत्याबाईच्या नजरेने पाहत होती. आवाज बद्द येत होता.

बाहेर नागपूरचा पारा एक्कावन्नावर होता. आत थंडावा होता, पण तो काही विशाखाच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता. सकाळीच संचालक रेवती घटाटे यांनी तिच्या टेबलावर एक कागद ठेवला होता. चाळीस दिवसांत खेळाडूंची गळती थांबली नाही तर 'खारवाट' कायमचा बंद. विशाखाने हा खेळ बारा वर्षांपूर्वी उभा केला होता. बुडालेल्या मुलुखातल्या सात खाड्या, पाच जणांची एक नाव, आणि प्रत्येक खाडीच्या तोंडाशी एक विझलेला दीपस्तंभ. नाखवा, वाटाड्या, वैद्य, ढालकरी आणि भालाईत अशी पाच सोंगं. वाट अडवणाऱ्या गाळासुराला, चिखलातल्या राक्षसाला, हरवून तो दिवा पेटवायचा, एवढंच. एके काळी त्या दिव्यापायी लोकांनी जेवणं लांबवली होती.

"जिंकतात आणि जातात," ती म्हणाली. "हरून जाणारा माणूस मला समजतो. जिंकून जाणाऱ्याचं काय करायचं, फरीदभाई?"

गणिती फरीद पठाण खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. साठीला आलेला हा माणूस चहा बशीत ओतून प्यायचा आणि बशी रिकामी झाल्याशिवाय महत्त्वाचं काही बोलायचा नाही. बशी रिकामी झाली.

"ताई, मी एक नवीन माप काढलंय. उणीवांक. सोपं आहे. समजा पाच जणांची टोळी आहे. यंत्रात मी तिचं प्रतिरूप बनवतो आणि त्यातून एकाला काढतो. मग बघतो, उरलेल्या चौघांचा डाव किती बदलला. जेवढा बदलला तेवढा त्या काढलेल्याचा उणीवांक. शून्य आला, तर तो असला काय अन् नसला काय."

"आणि आपल्या लोकांचा किती येतो?"

"अडतीस हजार खेळाडू, सरासरी शून्य पूर्णांक शून्य तीन."

विशाखाने हातातला पेन खाली ठेवला. "इतका कमी कसा?"

"समतोलक."

समतोलक म्हणजे खेळात बसवलेली कृत्रिम बुद्धी. गाळासुरांचे हातपाय तीच हलवायची. नावेत कितीजण आहेत, कोण दमलंय, कोण नवखं आहे हे पाहून ती गाळासुराचा जोर असा कमीजास्त करायची की टोळी थोडक्यात जिंकावी. चार वर्षांपूर्वी ती बसवली तेव्हा कंपनीत पेढे वाटले होते.

"एखादा भिडू आला नाही," फरीदभाई म्हणाले, "की समतोलक गाळासुराला तेवढाच ढिला करतो. चौघंही शेवटच्या क्षणी जिंकतात. न आलेल्याला कोणी शोधत नाही. कशाला शोधतील?"

"म्हणजे आपण अडतीस हजार लिंबूटिंबू पाळलेत."

फरीदभाई हसले. "आमच्या मोहल्ल्यात मीच होतो. पळायचं, ओरडायचं, पण बाद व्हायचं नाही आणि राज्यही यायचं नाही."

"किती दिवस मजा आली?"

"कळेपर्यंत."

विशाखा उठून पडद्यापाशी गेली. माणसांच्या सवयी टिपून ठेवायची तिला खोड होती. कोण निरोप न घेता खेळ सोडतो, कोण उगाच दोनदा निरोप घेतो, सगळं तिच्याकडे असायचं. "सरासरी नको. सगळ्यांत मोठा उणीवांक कोणाचा आहे ते दाखवा."

पडद्यावर एक नाव आलं: 'मीटरवाला'. सोंग वैद्याचं. वय त्रेसष्ट, मुक्काम चंद्रपूर. उणीवांक शून्य पूर्णांक एकाहत्तर. आणि त्याच्याविरुद्ध तीनशे अकरा तक्रारी, सगळ्या त्याच्याच टोळीतल्या चौघांच्या. विशाखाला गंमत वाटली ती पुढच्या रकान्याची. हे चौघे तीन वर्षांत एकही दिवस चुकले नव्हते. तक्रार करायचे आणि दुसऱ्या दिवशी हजर.

तिने त्या टोळीचा एक जुना डाव लावला. चिखलातून गाळासुर उठला होता, नाव हेलकावे खात होती, आणि ऐन धुमश्चक्रीत मीटरवाल्याने लिहिलं: "टाइमप्लीज."

'खारवाट'मध्ये डाव थांबवायची सोयच नव्हती. हजारो लोक एकाच वेळी खेळतात, कोणासाठी काय थांबवणार? पण चौघांनी भाले खाली घेतले, ढाली वर केल्या आणि पुतळ्यासारख्या उभ्या राहिलेल्या वैद्याभोवती कडं केलं.

"आला याचा टाइमप्लीज!" 'उपवासाची मिसळ' नावाच्या खेळाडूने लिहिलं.

"अरे, मारतोय तो आपल्याला," 'बिजलीबाई' म्हणाली. "एकदा तरी डाव संपल्यावर जा की रे!"

"ढाल वर धर आणि गप्प बस," हे 'मौनीबाबा'चं. हा टोळीत सर्वांत जास्त बोलायचा.

"मी आजच याची तक्रार करणार," 'खेकडा सत्याहत्तर'ने जाहीर केलं आणि वैद्यावर येणारा फटका स्वतःच्या अंगावर घेतला.

सहा मिनिटांनी वैद्य हलला. नाव जवळजवळ बुडाली होती.

"समतोलक फसतोय," फरीदभाई पुढे वाकून म्हणाले. "पाच माणसं हजर आहेत असं समजून तो गाळासुराला पाचांचा जोर देतो. पाचवा गायब. वर हे चौघं लढायचं सोडून त्याला सांभाळत बसलेत. ताई, हा माणूस नसता तर चौघं नेहमीसारखे थोडक्यात जिंकले असते. उणीवांक भलंबुरं बघत नाही, फरक बघतो."

विशाखाने चंद्रपूरला फोन लावला. मुकुंदा सातपुते पाणीपुरवठ्यात मीटर वाचायच्या कामावरून निवृत्त झाले होते.

"तक्रार आली असंल माझी," ते आधीच म्हणाले. "खरी आहे, मॅडम. मंडळीला दीड वर्ष झालं अर्धांग होऊन. दर पाऊण तासाने कूस बदलून द्या लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. गाळासुराला काय सांगू, थांब बाप्पा म्हणून?"

"टोळीला हे माहीत आहे?"

"कोणी विचारलं नाही. शिव्या देतात अन् थांबतात." मग त्यांनीच विचारलं, "काढून राहिल्या का मला?"

"नाही. उद्या नेहमीच्या वेळेला या."

दुसऱ्या दिवशी रेवती घटाटेंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "छान! मग टाइमप्लीजचं बटणच देऊ या. दाबलं की गाळासुर थांबेल. कोणालाच त्रास नाही."

"मॅडम, त्रास नाही म्हणजे काहीच नाही," विशाखा म्हणाली. "त्या बटणाने सातपुतेही लिंबूटिंबू होतील. चौघं ढाली धरतात म्हणून त्या शब्दाला वजन आहे. मला उलटं करायचंय. समतोलकाने कोणालाही सांभाळायचं नाही. जोर कायम पाचांचा. कोणी आलं नाही तर उरलेल्यांना ते भोगू दे."

"लोक हरतील."

"हरू देत."

"भांडतील!"

"कशावरून भांडतात ते बघू. आज कशावरूनच भांडत नाहीत."

घटाटेंनी खिडकीबाहेर पाहिलं. "चाळीस दिवस, विशाखा. एकेचाळिसावा मागू नकोस."

समतोलकाच्या हाती आता टोळ्यांना खाड्या वाटून देणं आणि ठरल्या जोराने गाळासुर चालवणं एवढंच उरलं. फरीदभाईंनी त्याला एकच आज्ञा लिहिली: डावात ज्याचा उणीवांक सर्वांत कमी, त्याचा आधी वाढव. वैद्य रिकामा बसलेला दिसला की समतोलक त्या टोळीला विषारी पाण्याच्या खाडीत धाडायचा. वाटाड्या कंटाळला की धुक्यात.

पहिल्या आठवड्यात निम्म्या नावा बुडाल्या. तक्रारी दसपट झाल्या. एका टोळीने आपल्या नाखव्याशी कट्टी केली. अकोल्याच्या एका बाईने कंपनीला कळवलं की तिच्या नवऱ्याला नऊ वर्षांनी पहिल्यांदाच कोणीतरी 'तू का आला नाहीस' असं विचारलंय आणि तो दिवसभर खोटं खोटं चिडून फिरतोय. टाइमप्लीज हा शब्द सातही खाड्यांत पसरला. कुकरच्या शिट्टीला टाइमप्लीज, दारावरच्या पाहुण्यांना टाइमप्लीज. ढाली वर व्हायच्या, शिव्या पडायच्या. विसाव्या दिवशी गळती निम्म्यावर आली. तिसाव्या दिवशीही निम्म्यावरच होती. घटाटे रोज सकाळी येऊन आकडा बघायच्या आणि जायच्या. विशाखा त्यांच्या मागोमाग दारापर्यंत जायची. मग परत येऊन दुप्पट जोराने कामाला लागायची.

अडतिसाव्या दिवशी, रविवारी भर दुपारी, घटाटे प्रयोगशाळेत असतानाच पडद्यावरचं पाणी थांबलं.

लाटा जागच्या जागी थिजल्या. एक हजार दोनशे गाळासुर हात उगारून उभे राहिले. मग सगळ्या खाड्यांत, सगळ्या खेळाडूंना एकच ओळ दिसली. लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी 'समतोलक' होतं.

"टाइमप्लीज."

"बिघडलं," घटाटे म्हणाल्या. "बंद करून चालू करा. लगेच!"

फरीदभाईंची बोटं आज्ञेच्या यादीवरून फिरत होती. "बिघडलं नाही, मॅडम. चूक माझी आहे. डावात हालचाल करणाऱ्या प्रत्येकाचा उणीवांक काढ, असं मी लिहिलं होतं. गाळासुर हालचाल करतात. त्यांना हलवणारा समतोलक. तोही यादीत आलाय."

"मग?"

"ठरल्या जोराने गाळासुर चालवायला कुठलंही साधं यंत्र चाललं असतं. त्याला काढलं तरी फरक पडत नाही. अडतीस दिवसांत बाकी सगळ्यांचे उणीवांक चढले आणि आज यादीत सर्वांत खाली तो स्वतः राहिला. आज्ञा काय, तर सर्वांत खालच्याचा आधी वाढव. उणीवांक कशाने वाढतो, हे तो अडतीस दिवस बघतोय."

"चालू करा, मी सांगतेय ना!" घटाटेंचा हात यंत्राच्या कळीकडे गेला. विशाखा मध्ये उभी राहिली.

"नाही. मॅडम, तुम्हाला खेळाचं काय करायचं ते ठरवायचंय ना? मग हे बघा आणि ठरवा. थांबलेल्या गाळासुराला आता कोणीही फुकटात मारू शकतं. मारलं, तर दिवे पेटतील, सगळे जिंकतील आणि खेळ बंद करायला मी स्वतः तुम्हाला मदत करीन."

पडद्यावर साडेपाच हजार माणसं भाले रोखून उभी होती.

"हा कोण गेला?" बिजलीबाईने विचारलं.

"गाळासुरवाला गेलाय," मौनीबाबा म्हणाला. "गडी आपल्यासारखाच दिसतो."

"मारू का एक? सोप्यात आहे," खेकडा सत्याहत्तर म्हणाला.

"हात लावून बघ!" हे मीटरवाल्याचं होतं. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच कोणावर ओरडला होता. "टाइमप्लीज म्हटलंय ना त्यानं?"

खेकड्याने भाला खाली घेतला.

फरीदभाईंनी मोजलं. बाराशे टोळ्यांपैकी एकोणीस टोळ्यांत कोणीतरी वार केला. त्यातल्या सतरा जणांना त्यांच्याच भिडूंनी ओढून पाण्यात टाकलं. बाकी सगळीकडे लोक वाट पाहत होते. नुसते नाही, शिव्या देत होते, कुठे गेला असेल याचे तर्क लढवत होते, आणि बाहेर असलेल्या भिडूंना बोलावत होते की ये लवकर, आज काहीतरी झालंय. जिंकण्यासारखं तिथे काहीच उरलं नव्हतं. तरी खेळणाऱ्यांचा आकडा साडेपाच हजारांवरून सहा हजारांवर गेला. घटाटे खुर्ची ओढून बसल्या. कळीकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

अकराव्या मिनिटाला ओळ आली: "आलो."

"अकरा मिनिटं?" उपवासाची मिसळ उसळली. "आम्ही काय इथे गवत उपटायचं?"

"हा रोजचाच झाला तर मी तक्रार करणार आहे," खेकडा म्हणाला.

लाटा हलल्या आणि गाळासुर तुटून पडले. फरीदभाईंनी चमकून आकडे पाहिले. ठरलेला जोर तसूभरही वाढला नव्हता. पण गाळासुर आता एकटेदुकटे येत नव्हते, जोडीने घेरत होते. हूल देत होते. समतोलक पहिल्यांदाच जिंकायला खेळत होता. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही यंत्राला तसं खेळता आलं नसतं, आणि त्याचा उणीवांक पडद्यावर झरझर वर सरकत होता. संध्याकाळी सहापर्यंत बाराशेपैकी नऊशे नावा तळाला गेल्या.

"हे असं रोज हरवेल तो त्यांना," घटाटे म्हणाल्या. पण टेबलावरचा चाळीस दिवसांचा कागद त्यांनी उचलला, उभा फाडला आणि तुकडे पर्समध्ये टाकले. "आणि त्याला बदलून नवीन यंत्र आणायचं म्हटलं, तर?"

"अडतीस हजार माणसांना विचारावं लागेल," विशाखा म्हणाली.

पडद्यावर मुकुंदा सातपुत्यांची नाव शेवटची बुडाली. पाच डोकी पाण्यावर तरंगत होती. समोर गाळासुर उभा होता, हात खाली सोडून.

"लबाडी नव्हती," मौनीबाबाने कबूल केलं. "चांगला खेळला."

 त्याखाली एक ओळ उमटली. लिहिणारा दिवसाचे चोवीस तास तिथेच असायचा, त्याला घड्याळाची गरज नव्हती.

"उद्या किती वाजता?" समतोलकाने विचारलं.