निळा पोपट

तो पहिल्यांदा मामांच्या दुकानात आला तो त्यांनाच शोधत. जुन्या चित्रकार्डांची पारख करावी तर मामांनीच! पण मामा नेमके बाहेर गेलेले, काउंटरवर त्यांची भाची. आणि समोर हा पलीकडच्या गल्लीतला बुकबाइंडर, हातात लहानपणापासून जपलेलं पोपटाचं कार्ड. पोपट मात्र निळा.

"याला काय झालंय हो?" तो हसला. गालाला खळी पडली आणि भाचीबाईंची अक्कल चरायला गेली.

"ऊन लागलंय. रंग उडालाय," ती ठसक्यात म्हणाली. "आता तसा... काही उपयोग नाही."

मामांचा एकच नियम होता, आधी भिंग, मग तोंड. भिंग ड्रॉवरमध्येच राहिलं.

पुढे तो काही ना काही निमित्ताने येऊ लागला. "मामा आहेत का?" – तेही मामा नसतील नेमक्या त्याच वेळेला. एक दिवस त्याने तिच्यापुढे बुकमार्क ठेवला. तोच पोपट, वर भोक पाडून हिरवी फीत ओवलेली.

"वायाच गेलं होतं. म्हटलं, तुमच्या पुस्तकात तरी राहील..."

तो गेल्यावर तिने नुसत्या कौतुकाने ते कार्ड भिंगाखाली धरलं, मग दिव्याजवळ नेऊन पुन्हा धरलं. छापील रंग म्हणजे बारीक ठिपके; उन्हाने उडाले तरी फिके उरतात. इथे पिवळा ठिपका एकही नव्हता. छापतानाच पिवळी शाई राहून गेली होती, म्हणून हिरवा पोपट निळा! असं कार्ड मामांनीही उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं. आणि त्याला भोक पडलं होतं, तिच्यामुळे. शरमेने तिचे कान तापले. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण मग त्याच्या नजरेला नजर कशी द्यायची?

दुसऱ्या दिवशी तिने त्याचं दुकान गाठलं, बुकमार्क त्याच्यापुढे ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

त्याने हातातला डिंकाचा ब्रश खाली ठेवला. "म्हणजे माझाच पोपट झाला," तो म्हणाला.

तिला हसू आलं नाही. डोळे मात्र भरले. "माफ करा. मी भिंग लावलंच नव्हतं."

"तुम्ही? तुम्ही तर साधं स्टिकरसुद्धा भिंगाखाली धरता. मग त्या दिवशी का नाही?"

खरी लाज तर पुढेच होती. "कारण मी... कार्डाकडे बघतच नव्हते."

"मग कुठे बघत होतात?"

तिने एकदाच वर पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याने फितीची गाठ नीट केली, बुकमार्क तिच्या हातात ठेवला आणि हात मागे घ्यायचं विसरला.

"माझ्या बोटांना डिंक आहे..." तो पुटपुटला.

"असू दे," ती म्हणाली.