शेवटच्या मोरीतलं घमेलं

खोटं वाटत असेल तर तमिळ मुलखातल्या गोविंदपुरम्‌ला जाऊन सेतुरामांना विचारा. मात्र मोरीजवळ उभं राहून विचारू नका. ते उत्तर देणार नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. आडी महिन्यातला, म्हणजे आषाढाच्या सुमाराचा रविवार, सकाळचे पावणेदहा. बाहेर लख्ख उजेड.

विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळाने तिरुविसनल्लूरकडचा बुजलेला पाट उपसायला घेतला होता. टाळ कुटणारे फावडी काय धरणार, म्हणून गाव हसलं. पण रस्त्याखालच्या दोन मोऱ्या त्यांनी मोकळ्या केल्या. ही तिसरी, शेवटची.

आत वाकूनच जावं लागे. गाळाचं घमेलं भरायचं आणि हातोहात पुढे द्यायचं. तोंडाशी सेतुराम. सगळ्यात आत त्यांची पुतणी पवित्रा.

दहाला पाणी सुटणार होतं. मंडळाच्या बालाजीने शिट्टी वाजवली. आतली माणसं पलीकडच्या तोंडाने बाहेर पडली.

सेतुराम हात धुवायला वळले...

मोरीतून भरलेलं घमेलं पुढे आलं.

पोरीला कामाचं वेडच आहे, असं पुटपुटत त्यांनी ते घेतलं.

आणखी एक आलं.

आता मात्र ते चिडले. अंधारात हात घालून त्यांनी तिचं मनगट धरलं. काचेच्या बांगड्या हाताला लागल्या.

"काका, कोणास ओढतां?"

आवाज मागून आला... पवित्रा रस्त्यावर उभी होती.

बालाजीने माणसं मोजली. सकाळी नऊ आली होती. वर नऊच उभी होती.

सेतुरामांच्या हातातलं मनगट मात्र हातातच होतं.

तेवढ्यात पाण्याचा आवाज यायला लागला. बालाजीने पाणी सोडायच्या दारावरच्या माणसाला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

सेतुरामांनी पाय रोवून, दोन्ही हातांनी ओढलं. आतलं माणूस तसूभर हललं नाही. फक्त त्याची बोटं सेतुरामांच्या हाताभोवती घट्ट झाली.

"आंत कोणी नाही, काका. हात सोडा." पवित्रा रडत होती. तिने त्यांना कमरेला धरून मागे खेचलं.

पाणी आलं.

बोटं सुटली... एकेक करून.

संध्याकाळी दार बंद करून मोरी पाहिली. आत काही नव्हतं. पंचक्रोशीत कोणी हरवलेलंही नव्हतं. भूतच होतं ते, वाचलात, अशी सगळे समजूत घालतात.

सेतुराम मान डोलावतात. पण त्यांना झोप नाही. भुताचा हात गार असतो म्हणतात.

तो हात गरम होता.