नागाबाईंच्या नावाचा खळगा

नांदेडच्या त्या लॅबमध्ये ॲलर्जीची तपासणी जुन्या रीतीनं चाले. प्लेटच्या खळग्यांत तळाशी शेंगदाणा, तूरडाळ, गाजरगवत यांचा अर्क चिकटवलेला असे. त्यात रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तावरचं पिवळसर पाणी, सोडायचं. अंगात त्या पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडं असली की ती तिथं चिकटतात, धुतली तरी निघत नाहीत, आणि शेवटच्या रसायनानं खळगा निळा होतो. तुलनेला कशाचीच ॲलर्जी नसलेल्या माणसाचं सीरम लागतं. ते लॅबमधल्याच कुणाचं तरी वापरत. सध्या तपासण्या करणाऱ्या मृण्मयीचं होतं.

सोमवारी कंधारच्या नागाबाईंची, शनिवारी घेतलेल्या रक्ताची नळी तिच्या हातून फुटली. काहीतरी खाल्लं की बाईंचा घसा आवळायचा. कशानं, ते कळायला हवं होतं.

"मॅडम, आज काय फोडलं?" आतून राघवेंद्र सरांनी विचारलं.

"काही नाही सर."

मग खरं सांगायची सोयच उरली नाही. तिनं बाईंच्या खळग्यांत स्वतःचं सीरम सोडलं. सगळं कोरं येईल, आणि त्या रिपोर्टवर विसंबून बाई नको ते खातील, हे तिला ठाऊक होतं. तरी सोडलं.

शेंगदाण्याचा खळगा गडद निळा झाला.

तिच्याच त्याच नळीतलं सीरम शेजारी तुलनेसाठी होतं. ते पाण्यासारखं कोरं.

मंगळवारी तिनं बाईंच्या आणि तुलनेच्या खळग्यांची जागा बदलून पुन्हा केलं. निळा रंग नागाबाईंच्या नावामागं गेला. बुधवारी बाई यायच्या आधी शेवटचं एकदा. निळाच.

रिपोर्ट कदाचित खराही असेल. पण त्यावर सही करायला तिचा हात धजेना.

दुपारी नागाबाई आल्या. मृण्मयीनं दार लोटलं आणि खाली बघत म्हणाली, "मावशी, तुमचं रक्त माझ्या हातून सांडलं. सांगायची लाज वाटली. परत एकदा द्याल का?"

"सांडलं?" बाई तिच्याकडं बघत राहिल्या. "मंग हे कोण घेऊन राहिलं, माय?"

त्यांनी हात पुढं केला. कोपराच्या आत शनिवारची खूण होती, पिवळी पडलेली. ती मृण्मयीनं टोचलेली. तिच्याखाली आणखी तीन.

"मी तर रानात व्हते. बसल्या जागी टोचतंय. लेकीला दावलं, तिला काय दिसंना."

शेवटच्या खुणेवर कापूस होता. मृण्मयी लावते तसाच, तिरक्या चिकटपट्टीनं बसवलेला.

तिनं तो हलकेच उचलला. रक्त अजून थांबलं नव्हतं.