भिंतीवरचा निळा हात

काही जण हसतील. हसू देत. पण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलंय हे, आणि ती उगाच काही बोलणारी बाई नाही.

रात्रही नव्हती. भर दुपार होती. परदेशातल्या एका शाळेत, स्वयंपाकघर आणि कोठीच्या खोलीमधल्या बोळकांडीत...

ताई (नणंदेला आम्ही ताईच म्हणतो) रसायनशास्त्र शिकवते. सुट्टीत ती एका सेवाभावी गटाबरोबर तिकडे गेली होती. सकाळी वर्गात शिकवायचं, दुपारी डागडुजी करायची. गटाच्या प्रमुखांना सगळे कॅप्टन म्हणायचे.

तिथे येणाऱ्या प्रत्येक तुकडीची एक पद्धत ठरलेली. भिंत रंगवायची, तिच्यावर मुलांच्या हातांचे ठसे घ्यायचे, फोटो काढायचा. पुढची तुकडी आली की तीच भिंत पुन्हा पांढरी!

समोरची भिंत झाली, तरी रंग उरला.

"आता काय करू?" ताईने विचारलं.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," कॅप्टन हसले. "ती मागची बोळकांडी फासून टाका."

ताईने फासली. तिथेही कुठल्यातरी जुन्या तुकडीने घेतलेले फिकट ठसे होते. एक लहानसा निळा हात होता. त्याच्याभोवती भिंत तेलकट, काळपट झाली होती. ताईला वाटलं, मळ असेल.

दुसऱ्या दिवशी शाळेची स्वयंपाकीण आली आणि बोळकांडीतच थबकली.

"हात कुठाय?"

"कोणता हात?"

"माझ्या लेकीचा."

तिची भाषा ताईला जेमतेम यायची. पण एवढं कळलं. मुलगी याच शाळेत शिकत होती. तापाने गेली. शेगडी पेटवण्याआधी आई रोज त्या ठशावर आपला तळवा टेकवायची.

मळ नव्हता तो.

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग डोकं चालू लागलं. "वरचा रंग अजून कच्चा आहे. खालचा ऑइलपेंट आहे. कोमट पाण्याने वरचा सुटेल. मी काढते."

"निघेल?"

"निघेल."

शब्द देऊन बसली.

दुपारी मुलं घरी गेली. बाकीचा गट बाजारात गेला. ताई बादली आणि स्पंज घेऊन बसली. हलक्या हाताने पुसत राहिली. पांढरं पाणी ओघळत होतं. निळं काहीच दिसेना.

थप...

पलीकडून. कोठीच्या खोलीतून. कोणी भिंतीवर पंजा मारावा तसा आवाज.

ताई उठून गेली. कोठीला बाहेरून कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं. पोती, डबे. माणूस नाही.

पाइप असेल, ती स्वतःशी म्हणाली आणि परत पुसू लागली.

थप... या वेळी डावीकडे.

ती डावीकडे सरकली.

थप... आणखी डावीकडे. जरा खाली.

त्या भिंतीत पाइप नव्हताच. हे तिला ठाऊक होतं. नळाचं काम तिनेच केलं होतं.

मग आवाज थेट स्पंजच्या मागून आला. तळव्याला जाणवला.

तिथेच निळा रंग उघडा पडला. पाच बोटं. स्पष्ट.

तिने हाक मारली. स्वयंपाकीण हातातलं काम अर्धवट टाकून धावत आली. तिने तळवा टेकवला. डोळे मिटले. ताईचा जीव भांड्यात पडला.

मग बाईने हात उचलला...

भिंत कोरी होती.

बाईचा तळवाही स्वच्छ होता. वाळून दगड झालेला ऑइलपेंट नुसता हात लावून जात नाही हो. कुठेच जात नाही.

"बाई, मला खरंच..." ताई म्हणू लागली.

पण बाई हसत होती. तिचा तो हात बाजूला, थोडा खाली, अर्धवट मिटलेला. लहान मुलाचं बोट धरून उभं राहावं तसा.

त्या संध्याकाळी तिने एकाच हाताने स्वयंपाक केला. मध्येच एकदा खाली बघून ती म्हणाली, "थांब जरा."

दुसऱ्या दिवशी शेगडी पेटली नाही. बाई घरीही नव्हती. उजाडायच्या वेळी रस्त्याने जाताना शाळेच्या वॉचमनला दिसली होती, तेवढंच.

ताई परत आली. तिने घरात हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी डोळे पुसले. "चांगलंच झालं की गं! आईला लेकरू मिळालं."

ताईने नकारार्थी मान हलवली.

"आई, वॉचमनने अजून एक सांगितलं. तिचा हात पुढे ताणलेला होता. पाय रखडत होते. कोणीतरी ओढून न्यावं तशी चालली होती."

"अगं, म्हणजे..."

"आणि सारखी मागे वळून शाळेकडे बघत होती."

आमच्या घरात आता हा विषय कोणी काढत नाही. ताई मात्र अधूनमधून त्या शाळेत फोन लावते. इकडचं तिकडचं विचारत नाही.

"बाई आल्या का?"

अजून तरी नाही...