तळ्याकाठची संथा

त्या दुपारचं मला खरोखर किती आठवतं आणि किती मी नंतर रचलं, याची खात्री देता येत नाही. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाने असं म्हणावं हे बरं नव्हे. पण तसं आहे.

ऋचा मला पुस्तकातून पाठ होत्या. स्वर येत नव्हते. केरळात भारतप्पुळा नदीच्या काठच्या आमच्या गावांत स्वर पुस्तकातून घेतच नाहीत. गुरू शिष्याचं डोकं हातात धरतो. स्वर उतरला की खाली दाबतो, चढला की वर उचलतो. मानेला कळलं की गळ्याला कळतं. आमच्या घराण्यातल्या एका सूक्ताची चाल आता एकट्या इट्टिरवी नंबूदिरींना येत होती. ते गेले की ती संपणार, म्हणून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. मनात संशय होता, की ती त्यांनाही पुरती येत नसावी.

"प्रोफेसर आला वाटतं. डोकं आणलंस ना, की कॉलेजातच ठेवलंस?"

तळ्याकाठच्या पडवीत ते आरामखुर्चीत पडून होते. हात उठत नाहीत, मी म्हणतो तशी तूच मान हलव, म्हणाले. मी समोर जमिनीवर बसून डोळे मिटले.

निम्म्या सूक्तापर्यंत त्यांचा आवाज ठीक होता. मग तो पुटपुटण्यावर आला आणि थांबला. माझा संशय खरा ठरत होता. तरी शब्द येत होते म्हणून मी म्हणत राहिलो.

तेवढ्यात डोक्यावर तळवा टेकला. गार, ओला. त्याने दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. कुठेच अडखळ नव्हती. मान जाईल तसा गळा जात होता. म्हाताऱ्याला येतंय तर, असं वाटून मी सुखावलो.

शेवटच्या अक्षराला तळव्याने डोकं खाली नेलं. मग सोडलंच नाही. कपाळ फरशीला टेकलं. नाकात शेवाळाचा वास भरला, श्वास घेता येईना...

"नको... एट्टा, नको..." इट्टिरवी ओरडले.

तळवा सुटला. मी डोळे उघडले. इट्टिरवी खुर्चीतच होते, माझ्यापासून चांगले लांब. हात मांडीवर.

"माझं डोकं कोणी धरलं होतं?"

"म्हातारपणी मान आपोआप पडते रे," ते म्हणाले. पण हसले नाहीत. तळ्याकडे बघत म्हणाले, "निम्म्यापुढचं मला येत नाही. एट्टनला येत होतं. माझा थोरला भाऊ. या तळ्यात पाय घसरला त्याचा... मी घरात होतो तेव्हा."

ते कुठे होते, हे मी विचारलं नव्हतं.

माझे केस ओले होते. घाम असेल.

इट्टिरवी त्याच वर्षी गेले. ते सूक्त मी पुढे शिकवलं, शेवटचा स्वर खाली घेऊनच. अनेक वर्षांनी एका ध्वनिसंग्रहात त्यांच्या थोरल्या भावाच्या पठणाची जुनी फीत सापडली. मी ती पुन्हा पुन्हा ऐकली. प्रत्येक चढउतार मला मिळालेल्या संथेशी जुळतो. फक्त शेवटचं अक्षर नाही. तिथे त्याचा आवाज स्वच्छ वर जातो.