पत्र्यांवरचा खोकला

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मधी हसायचं नाय. अमृता माझ्या साडूची पोरगी, तिला खोटं बोलून काय मिळणार?

गेल्या सालची गोष्ट, मार्गशीर्षातली अमावस्या. खुलताबादजवळ सरकारी शाळेची जुनी इमारत पाडायचं काम चाललं होतं अन् अमृता तिथं इंजिनियर. छताचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे. ते फुटले की बारीक धूळ उडते, छातीत बसते, खोकवते अन् माणसाला कैक वर्षांनी मारते. म्हणून ते जाड प्लास्टिकात गुंडाळून घातक कचऱ्याच्या डेपोलाच पाठवायचे, असा नियम. जिम्मेदारी अमृताची. तेच प्लास्टिक शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून घेऊन ती स्कूटीवर निघाली. दौलताबादचा घाट चढेस्तोवर अंधार पडला.

पुढं बघते तर साइटचाच ट्रक डांबरी रस्ता सोडून माळावरच्या पडीक विहिरीकडं वळतोय. वर तेच पत्रे, ताडपत्रीखाली.

पोरगी मागं गेली. विहीर अन् ट्रकच्या मधी स्कूटी आडवी लावली.

ठेकेदार विश्वजीत खाली उतरला. "मॅडम, बाजूला व्हा. आत टाकतो, वरून मुरूम लोटतो. कुणाला कळायचं नाय."

"खाली वस्ती आहे. लेकरं इथं खेळतात. ट्रक परत न्या."

"अन् नाय नेला तर?"

"तर माझ्या अंगावरून घाला."

विश्वजीतनं ड्रायव्हर सत्यमला खूण केली. सत्यमनं गाडी चालू केली... अन् बंद केली.

"शेठ... वर कोण बसलंय?"

खोकला. पत्र्यांवरून. कोरडा, खोल.

विश्वजीतनं वर बघितलं.

पुन्हा खोकला. आता दोघांचा... मग लई जणांचा.

विश्वजीत बॅटरी घेऊन वर चढला. ताडपत्रीचं टोक उचललं. आत पाहिलं...

उतरला. रस्त्याकडं चालत सुटला तो थांबलाच नाय. सत्यम त्याच्या मागं पळाला.

अमृता एकटी.

भ्याली नाय का म्हणतीस, निशा? लई भ्याली. पण हलली नाय. वर बघून म्हणाली,

"कोण आहात मला माहीत नाय. बसायचं तर बसा. पण हे पत्रे इथं पडणार नाहीत. मी इथून हलणार नाय."

...

खोकला थांबला.

मग तिनं पोलिसांना फोन लावला, अन् उजाडेस्तोवर तिथंच उभी राहिली. विश्वजीतचा ठेका गेला. पत्रे रीतसर डेपोला गेले.

पण सकाळी, तोंडाला मास्क बांधून, तिनं ताडपत्री काढली. धूळ उडू नये म्हणून असे पत्रे हलवायच्या आधी भिजवावे लागतात. विश्वजीतनं थेंब टाकला नव्हता. विहीर कोरडी. पाऊस नाय. ताडपत्री वरून खडखडीत वाळलेली.

अन् खाली... पार तळातला पत्रासुद्धा निथळत होता.