वर्गात न येणारी मुलगी

ग्रंथालयातल्या अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकावर दोन हात एकदमच पडले. विनोदिनीनं वळून बघितलं. तिच्याच वर्गातला, पहिल्या बाकावरचा शरच्चंद्र!

"हे कायम तुमच्याकडेच असतं," तो कुरकुरला. "वर्गात मात्र तुम्ही कधीच नाही."

"सर ह्यातलंच वाचून दाखवतात. मला डोळे आहेत की!"

"पुस्तकाशी भांडता येतं का?"

"आणि सरांशी?"

"येऊन तर बघा..." तो हसला आणि पुस्तक तिच्याच हातात देऊन निघून गेला.

त्या हसण्यानं सगळा घोळ केला. तेच पान पुन्हा पुन्हा वाचूनही अक्षर डोक्यात शिरेना.

दुसऱ्या दिवशी ती लेक्चरला गेली. मध्यभारत राज्य जाऊन भोपाळ राजधानी असलेलं नवं राज्य आलं, त्याला वर्षही झालं नव्हतं. सर त्याचे फायदे सांगत होते. विनोदिनी ताडकन उभी राहिली. "फायदा कुणाचा, सर? कचेऱ्या भोपाळला गेल्या, आमची अर्धी गल्ली रिकामी झाली!"

सरांनी पुस्तक मिटलं. "बोला, ह्यावरच बोलू."

तास संपला तरी कुणी उठेना. शरच्चंद्र सारखा मागे वळून बघत होता... आणि तिला मुद्द्यांवर मुद्दे सुचत होते.

मग रोजचंच झालं. लेक्चर सुटलं की दोघं वाद घालत क्षिप्रा नदीपर्यंत चालत जायचे. एक दिवस मात्र तो वाटेतच थांबला.

"वडिलांची बदली झाली. भोपाळ. मलाही चल म्हणतात."

"आणि कॉलेज?"

"म्हणतात, पुस्तकं आहेत ना? घरी वाच, परीक्षा बाहेरून दे." तो कसनुसा हसला. "तुमचंच म्हणणं!"

तिचं कशातच लक्ष लागेना. दोन दिवस तगमग सोसून ती सरळ त्याच्या घरी गेली. त्याचे वडील, बापू, सामान बांधत होते. त्यांची इथंच राहणारी बहीण, अक्का, मदतीला आली होती.

"काका, नुसतं वाचून भागत नाही," विनोदिनी एका दमात म्हणाली. "लेक्चर हवंच. शंका विचारता येतात, वाद होतो..."

बापूंनी चष्म्यावरून बघितलं. "तूच ना ती, वर्गात न येणारी? लेक्चरचा एवढा पुळका कधीपासून?"

शरच्चंद्र दारात खिळून उभा होता.

"नसलं लेक्चर तरी चालेल," ती पुटपुटली. "पण... ह्यांनी राहावं."

"'ह्यांनी'!" अक्का खळखळून हसल्या. "ऐकलंस ना, बापू? ठेव पोराला माझ्याकडे!"

बापूंनी हातातली सुतळी खाली ठेवली. शरच्चंद्र कानापर्यंत लाल झाला होता.